तुम्ही विचारलंत म्हणून : त्या परदेशी बाईला आपल्या बायकांचं काय पडलं होतं?

बडोद्यात महाराणी चिमणाबाईंविषयी बोलायला उभी राहिले की अखिल भारतीय महिला परिषदेचा विषय निघतोच, कारण परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा त्या. आणि परिषद म्हटली की ती उभी करणाऱ्या मार्गारेट कझिन्स यांचं नाव घ्यावंच लागतं. मग भाषण संपल्यावर कुणीतरी विचारतं, बहुतेकदा एखादी तरुण मुलगी: "ताई, ही बाई आयर्लंडची, पेशानं शिक्षिका. तिला आपल्या बायकांचं काय पडलं होतं? आणि बाहेरून येऊन तिनं पुढारपण का करावं?"

प्रश्न रास्त आहे. त्यात थोडा राग असतो, तोही रास्तच आहे. गोऱ्या बाईनं येऊन आपल्याला शहाणं करावं हे कुणाला रुचेल? म्हणून सविस्तर सांगते. मीही जन्मभर शाळेतच शिकवलं, तेव्हा उत्तर शाळेच्या बाजूनंच देणार.

आधी एक खुलासा, कारण इथे नेहमी गल्लत होते. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर ज्यांच्या नावाचा, त्या या नव्हेत. तो टॉवर १८९६चा, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेला. त्या १८८५ मध्येच वारल्या. परिषदेच्या अध्यक्षा झाल्या त्या दुसऱ्या चिमणाबाई, देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. सूरसागरापाशी महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय आहे, ते यांचं.

आता मार्गारेटबाई. जन्म १८७८, आयर्लंडमधल्या बॉयल गावचा. डब्लिनला संगीत शिकल्या, १९०२ मध्ये पदवी घेतली. १९०८ साली बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी तिथे जी लीग निघाली तिच्या संस्थापकांत त्या होत्या. त्या लढ्यात दोनदा तुरुंगात गेल्या, १९१० मध्ये लंडनला आणि १९१३ मध्ये आयर्लंडातच. नवरा जेम्स यांना ॲनी बेझंटांनी मद्रासला बोलावलं, म्हणून १९१५ मध्ये दोघं इकडे आले आणि पुढे मदनपल्लीच्या कॉलेजात शिकवू लागले. १९१९ मध्ये रवींद्रनाथ तिथे आले असताना 'जन गण मन'ची चाल मार्गारेटबाईंनी स्वरलिपीत उतरवून घेतली. त्यांच्याबद्दल एवढी एकच गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, आणि मला त्याचं वाईट वाटतं. ती बाई त्याहून कितीतरी मोठी होती.

मला महत्त्वाचं वाटतं ते १९१७ साल. त्या वर्षी मे महिन्यात मद्रासच्या अड्यार भागात विमेन्स इंडियन असोसिएशन ही स्त्रियांची संघटना स्थापन झाली. ॲनी बेझंट, डोरोथी जिनराजदास आणि मार्गारेट कझिन्स या तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्या. डिसेंबरात ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला येणार होते. मार्गारेटबाईंनी भेटीची वेळ मागितली ती मुलींच्या शिक्षणाविषयी बोलण्यासाठी. त्याच्या आदल्याच वर्षी त्या आपल्या अण्णासाहेब कर्व्यांच्या पुण्यातल्या महिला विद्यापीठाच्या सभासद झाल्या होत्या, पहिल्याच अभारतीय सभासद. म्हणजे हा विषय त्यांच्या रोजच्या जिव्हाळ्याचा होता. वरून उत्तर आलं की मंत्रिसाहेब फक्त राजकीय मागण्या ऐकतील. तेव्हा त्यांनी मागण्यांत मतदानाचा हक्क घातला. १८ डिसेंबरला सरोजिनी नायडूंच्या पुढाकारानं शिष्टमंडळ भेटलं. बायकांनाही पुरुषांच्याच अटींवर मत द्या, ही मागणी त्या दिवशी सरकारपुढे गेली. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांत ती पदरातही पडली.

शाळेविषयी बोलायला निघालेली बाई मतपेटीपर्यंत पोचली, यात मला काहीच नवल वाटत नाही. मी शिकवत असताना हजेरीपटावर एखाद्या मुलीच्या नावापुढे ओळीनं गैरहजेरी दिसू लागली की आम्ही शिक्षिका तिच्या घरी जात असू. कुठे धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नसायचं, कुठे संध्याकाळचा रस्ता आईला धोक्याचा वाटायचा, कुठे साखरपुडा उरकलेला असायचा. एकाही घरात अडचण गणिताची निघाली नाही. मुलीला वर्गात परत आणायचं तर बाईला रस्ता, लग्नाचं वय, बापाची मिळकत, नगरपालिकेचा कारभार, सगळ्यात लक्ष घालावंच लागतं. मार्गारेटबाई त्याच वाटेनं गेल्या.

आणि इथेच बडोदं येतं. १९२६ मध्ये बंगालचे शिक्षणाधिकारी कलकत्त्याच्या बेथून कॉलेजात बोलताना म्हणाले की बायकांनी एकमुखानं सांगावं, त्यांना कसलं शिक्षण हवं आहे, आणि मिळेपर्यंत सांगत राहावं. मार्गारेटबाईंनी हे उचललं. असोसिएशनच्या चिटणीस या नात्यानं त्यांनी देशभरच्या बायकांना पत्रं धाडली: आपापल्या गावी जमा, काय हवं ते ठरवा, प्रतिनिधी निवडा. त्या सप्टेंबर ते डिसेंबरात २२ ठिकाणी अशा सभा झाल्या. मग १९२७च्या जानेवारीत, ५ ते ८ तारखांना, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण सुधारणेसाठी पहिली परिषद भरली, आणि अध्यक्षस्थानी चिमणाबाई बसल्या. पुढच्या वर्षी दिल्लीच्या अधिवेशनात भोपाळच्या बेगम.

चिमणाबाईच का, याचं माझं उत्तर असं. बडोदं संस्थानानं १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, मुलीचं किमान वय १२ ठरवलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं, मुलींनासुद्धा. १२ हे वय आज वाचताना पोटात तुटतं, पण शाळा आणि लग्न यांचा हिशोब एकत्रच मांडावा लागतो, हे इथल्या राज्यकारभाराला तेव्हाच कळलेलं होतं. शिवाय चिमणाबाईंनी स्वतः पडदा सोडला होता आणि स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९११ मध्येच निघालं होतं. पुण्याची परिषद शिक्षणासाठी भरली तरी बालविवाहाचा विषय तिला टाळता आला नाही, आणि बालविवाहाला बंदी घालणाऱ्या शारदा कायद्यासाठी १९२९पर्यंत जो रेटा लागला त्यात ही परिषद होती.

तर, पुढारपण. महिला मंडळात काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, मंडळ कुणावर चालतं? पत्रं लिहिणारीवर, इतिवृत्त ठेवणारीवर, न आलेल्या उत्तरांचा पाठपुरावा करणारीवर. मार्गारेटबाईंनी हे काम स्वतःकडे ठेवलं आणि खुर्ची इथल्या बायकांना दिली. परिषदेच्या अध्यक्षा त्या झाल्या १९३६ मध्ये, अहमदाबादच्या अधिवेशनात, म्हणजे आरंभानंतर नवव्या वर्षी. नंतर आत्मकथनात त्यांनी लिहिलं आहे की स्वातंत्र्यलढ्यात उडी घ्यावी असं फार वाटे, पण पुढे येणाऱ्या भारतीय स्त्रियांना आता आपल्या थेट सहभागाची गरज उरलेली नाही, हेही त्यांना उमगलं होतं. तरी १९३२ मध्ये सरकारच्या वटहुकमांविरुद्ध त्या मद्रासला जाहीर बोलल्याच, आणि वर्षभराच्या शिक्षेवर वेल्लोरच्या तुरुंगात गेल्या. ब्रिटिश सरकारचा तुरुंग त्यांनी तिसऱ्यांदा पाहिला, यावेळी आपल्यासाठी.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. पुण्याच्या त्या मांडवात राण्या होत्या, शिकलेल्या घरच्या बायका होत्या. कारभार इंग्रजीत चालला. गिरणीत राबणारी, शेतावर जाणारी बाई तिथे नव्हती, आणि तिच्या मुलीची शाळा कशी असावी हे तिला कुणी विचारलं नाही. ही मोठीच उणीव होती. तिचा दोष एकट्या मार्गारेटबाईंवर टाकणं मला पटत नाही, कारण पत्रं जिथे पोचली तिथल्या आपल्याच बायकांनी प्रतिनिधी निवडले होते.

१९४३ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. १९५४ मध्ये अड्यारलाच त्या गेल्या. परिषदेचं पुढे काय झालं असंही काही जणी विचारतात. त्यांनी हंसा मेहतांपासून वाचायला घ्यावं. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही मुलगी १९४५-४६ मध्ये परिषदेची अध्यक्ष झाली, भारतीय स्त्रियांच्या हक्कांची सनद तिच्या हातची, आणि १९४९ पासून आपल्या सयाजीराव विद्यापीठाची ती कुलगुरू होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला तिचंच नाव आहे.