सही अजून तिथेच आहे

आज बँकेत दोन तास बसून आले, डोकं अजून सुन्न आहे. घटस्फोटाला सहा वर्षं झाली, कोर्टात ठरलं होतं की घर त्याचं आणि आमच्या दोघांच्या गृहकर्जाचे हप्तेही तोच भरणार, मी तर विषय संपला असंच धरून चालले होते. तो मागच्या महिन्यात गेला आणि आता नोटीस माझ्या नावावर. मॅडमनी फाईल माझ्याकडे वळवली, शेवटच्या पानावर आमच्या दोघांच्या सह्या एकाखाली एक, माझी अजून जुन्या आडनावाची. बघून पोटात कालवलं हो.

त्या म्हणाल्या, कोर्टाचा आदेश तुमच्या दोघांतला, बँक त्यात पार्टी नव्हती, सहकर्जदार म्हणून तुमचं नाव लेखी काढलं नाही तोवर उरलेलं सगळं कर्ज तुमच्याकडूनही मागता येतं, अर्धं नाही, सगळं. आणि घरातला त्याचा हिस्सा मात्र वारसांकडे जाणार. हे तेव्हा वकिलांनीही नीट सांगितलं नाही याचा खरंच राग येतोय.

कर्जासोबत त्याचा विमा काढला होता का ते आता शोधतेय. ज्यांचा घटस्फोट झालाय त्यांनी प्लीज उद्याच बँकेत जाऊन आपलं नाव निघालंय का बघा, आणि निघालं असेल तर तसं पत्र घ्या.

त्याच्या आईला फोन करायचाय, पण कर्जाचं कसं बोलू त्यांच्याशी?