अनंताचे फळ

अनंत म्हटले की पांढरेशुभ्र फूल आणि त्याचा दाट सुगंध आठवतो. या झुडपाला फळही धरते, हे मात्र बागकामाची आवड असलेल्यांच्याही सहसा गावी नसते. शोभेसाठी निवडलेल्या भरगच्च फुलांच्या जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे त्या बहुधा वांझ राहतात. चीनमध्ये औषधासाठी लावतात तो अनंत साध्या, एकेरी फुलाचा असतो, आणि तेथे खरा मान आहे तो ‘झिझी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या फळाला.

पिकलेले फळ नारिंगी-तांबडे, जेमतेम दीड ते साडेतीन सेंटिमीटर लांबीचे असते. त्याच्या अंगावर सहाच्या आसपास उभ्या कडा असतात, टोकाला वाळलेल्या निदलांचा, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांचा, तुरा असतो आणि आत गरात चपट्या बियांचा गच्च गोळा असतो. सुकलेले फळ पाण्यात टाकले की पाणी पिवळेधमक होते. मालाची पारख करतानाही हेच पाहिले जाते. हा रंग क्रोसिनचा, म्हणजे केशराला रंग देणाऱ्याच द्रव्याचा. चीनमधील हान राजवंशाच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, या फळाने कापड रंगवले जाई, आणि मला तर औषधाइतकाच हा उपयोगही मोलाचा वाटतो.

शरद ऋतूत तोडलेली फळे वाफवून किंवा उकळत्या पाण्यातून काढून वाळवतात. चिनी वैद्यकाच्या मते ती चवीला कडू आणि गुणाने थंड असून ताप, कावीळ आणि मनाची तगमग यांवर दिली जातात. हान काळातील वैद्य झांग झोंगजिंग यांनी आंबवलेल्या सोयाबीनबरोबर त्यांचा काढा सांगितला आहे, तो उपचारांनंतरही जीव तळमळत राहून झोप न येणाऱ्या रुग्णासाठी. रक्तस्रावावर मात्र हीच फळे करपेपर्यंत भाजून वापरतात.

फळातील जेनिपोसाइड या घटकापासून आतड्यातील जिवाणू जेनिपिन तयार करतात. जेनिपिनचा अमिनो आम्लांशी, म्हणजे प्रथिनांच्या घटकांशी, संयोग झाला की गडद निळा रंग तयार होतो. पिवळ्या रंगाच्या फळातून निळाही निघावा, ही रसायनाची करामतच म्हणायची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये अनंताच्या फळापासून बनवलेल्या अशा निळ्या खाद्यरंगाला मान्यता दिली. तरीही हे फळ निरुपद्रवी समजून रोज घेण्याजोगे नाही: वर्षानुवर्षे ते असलेली औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत मोठ्या आतड्याच्या शिरा कठीण होऊन त्यांत चुना साचल्याचे जपान आणि तैवानमधील डॉक्टरांनी नोंदवले आहे, आणि जपानमध्ये अशा औषधांच्या दीर्घकालीन वापराबाबत इशाराही दिला जातो.