टी तीच, उंची वेगळी

दापोलीच्या सड्यावरच्या आमच्या गोल्फच्या सराव मैदानात, जिथून बॉल मारतात त्या गवती पट्ट्याच्या म्हणजे टीच्या डाव्या टोकाला एका काकांचा बॉल सारखा आभाळात जायचा. उजव्या टोकाला तेच काका, तोच ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी), बॉल ठेवायची तीच लाकडी खुंटी (तिलाही टीच म्हणतात), आणि फटका खणखणीत. क्लबच्या डोक्यावर, फेसच्या (बॉलला लागणाऱ्या बाजूच्या) वरच्या कडेमागे, पांढरे ओरखडे उठले होते. दुकानदाराने नवा ड्रायव्हर सुचवला होता. बरोबरच्या खेळाडूंनी 'डोकं उचलता' हे ठरलेलं निदान केलं होतं. गोल्फमध्ये काही बिघडलं की खापर डोक्यावर फुटतं. नुसतं टोक बदललं की तेच डोकं खाली कसं राहतं, हे कुणी विचारत नाही.

आधी उंची पक्की केली. क्लब जमिनीवर टेकवला की अर्धा बॉल क्लबच्या माथ्याच्या वर दिसावा, हा ड्रायव्हरचा सर्वमान्य अंदाज. काकांच्या क्लबचं डोकं 60 मिमी उंच. बॉलचा व्यास 42.67 मिमी, म्हणजे निम्मा 21. साठातून एकवीस गेले की 39. टीच्या माथ्यावरच्या वाटीत बॉल किंचित बसतो म्हणून टी 40 मिमी वर ठेवायची. टी दोन बोटांत धरून, बॉल तळहाताने दाबत बोटं टेकेपर्यंत खाली न्यायची, ही नेहमीची रीत. पण बोटं गवतात किती रुतली यावर पाच-सात मिमी सहज फिरतात. त्यापेक्षा वायरिंगच्या 25 मिमी पाइपचा तुकडा हॅक्सॉने काटकोनात 40 मिमी लांब कापावा. टी अर्धवट खोचून त्यावर तुकडा उभा ठेवायचा आणि वाटीची कड पाइपच्या कडेला येईपर्यंत टी दाबायची. टीवर पेन्सिलची रेघ मारणारे मातीपासून मोजतात. क्लबचा तळ मात्र गवतावर टेकतो. पावसाळ्यात आठवडाभर मशीन फिरलं नाही की गवत 30 मिमी होतं, आणि रेघेची टी त्यात जवळजवळ बुडते. पाइप गवतावरच उभा राहतो.

दुसरी अडचण आपल्या मातीची. वर चार बोटं भरलेली माती, खाली जांभ्याची खडी. खडा लागला की टी तिरकी जाते, वाटी कलते आणि उंचीही उतरते. टी ठोकू नये, मोडते. आधी स्क्रू ड्रायव्हरने सरळ भोक पाडावं. खडा लागला तर जागा चार बोटं सरकवावी.

एवढं करून, बॉल कुठे लागतो ते दिसावं म्हणून फेसवर पावडरचा स्प्रे मारला. उजव्या टोकाला ठसा मध्याच्या किंचित वर, म्हणजे हवा तिथेच: तिथे लागलेला बॉल उंच निघतो आणि कमी फिरतो. डाव्या टोकाला पाइपने तंतोतंत 40 मिमी लावलेल्या टीवरून ठसा थेट वरच्या कडेवर, आणि बॉल उंच जाताना डावीकडेही वळत होता. त्या डाव्या वळणाने शंका आली. गवंड्याची पाणसळ आणि सरळ फळी आणून काकांच्या पायांपासून बॉलपर्यंतचे 80 सेंटिमीटर मोजले. बॉलखालची जमीन पायांपेक्षा 20 मिमी उंच निघाली. उजव्या टोकाला हा फरक 5 मिमी होता. म्हणजे डावीकडे टी 40 नव्हे, काकांच्या खांद्यांच्या हिशोबाने 60 मिमी होती. बॉल पायांपेक्षा वर असला की उजव्या हाताच्या खेळाडूचा तो डावीकडे ओढला जातो, तेही जुळलं.

हा उतार कंत्राटदाराने पाण्यासाठी दिलेला. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं, उतार हवाच. पण त्याने तो खेळाच्या रेषेला आडवा दिला, कारण गटार त्या बाजूला होतं. टीच्या जमिनीला उतार एक टक्क्याच्या आसपास आणि खेळाच्या रेषेत, पुढे किंवा मागे, हवा. मग पाय आणि बॉल एकाच पातळीवर राहतात. हे बांधणाऱ्याला कळायलाच हवं होतं.

टी 20 मिमीवर उतरवून पाहिली. ठसा खाली आला, पण चढावर क्लबचं पुढचं टोक गवत खरडू लागलं. त्यामुळे हा अर्धाच उपाय. स्पर्धेत मार्करच्या (टीवर कुठून मारायचं ते दाखवणाऱ्या खुणांच्या) मागे दोन क्लब लांबीपर्यंत बॉल कुठेही लावता येतो आणि पाय त्या चौकोनाबाहेर असले तरी चालतात, तेव्हा सपाट पट्टा निवडणं खेळाडूच्या हाती असतं. सरावाला येणारे मात्र मार्कर दिसेल तिथे टी खोचतात.

तूर्त मार्कर उजवीकडे सरकवले आहेत. त्याने तेवढाच पट्टा झिजतो आहे. डावखुऱ्या खेळाडूला याच डाव्या टोकावर बॉल पायांपेक्षा खाली मिळतो, त्याचा फटका बॉलच्या माथ्यावर बसतो. त्याची टी किती वाढवावी, हे अजून मोजतो आहे. दिवाळीनंतर माती भरताना गटार मागच्या बाजूला वळवता आलं, तरच दोघांची सोय होईल.