बंड्याने अंडं घातलं

तीन वर्षं आमचा बंड्या 'तो' होता. कॉकटील जातीचा छोटा पोपट, त्यातही लुटिनो, म्हणजे पिवळट पांढरा, गालांवर नारिंगी टिकल्या, डोक्यावर तुरा आणि स्वभावाने जरा अबोल. राखाडी कॉकटील असेल तर वयात येताना नराचं तोंड पिवळंधमक होतं आणि ओळख पटते. लुटिनोत सगळाच कारभार पिवळा. शेपटीच्या पिसांवर खालून पुसट पट्टे आहेत का (असले तर मादी), हे उजेडात धरून बघावं लागतं, आणि आम्हाला तसं बघावंसं कधी वाटलंच नाही. नर भरपूर शीळ घालतात, हा घालत नसे. "लाजाळू आहे," म्हणून आम्ही त्याचीच बाजू घ्यायचो.

मग एका सकाळी पुस्तकांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, शब्दकोशाच्या मागे अंगठ्याच्या पेराएवढं पांढरंशुभ्र अंडं दिसलं. शब्दकोशाच्या पानांच्या कडा कुरतडून खाली कागदाचा चुरा पसरलेला. मी ओरडले, "अहो, बंड्याने अंडं घातलं!" हे वाक्य त्यातल्या त्यात सोपं होतं, मराठीत त्यात लिंग लपून जातं. पंचाईत पुढच्या वाक्याला झाली. बंड्या तिथे बसलाय की बसलीय? सासूबाईंनी चष्मा लावून वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "बसलीय. खुडूक बसलीय."

नर नाही म्हणजे त्या अंड्यातून काही निघणार नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून मी ते उचलून टाकून दिलं. दोन दिवसांनी दुसरं. तेही टाकलं. मग तिसरं, चौथं, सहावं. आठव्याला आम्ही पिंजरा उचलून डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा कळलं की मी आवराआवर करत नव्हते, तिला कामाला जुंपत होते. कॉकटीलची मादी दिवसाआड अंडं घालते, साधारण चार ते सहा. पोटाखाली तेवढी लागली की थांबते आणि उबवायला बसते. मी खालून काढून घेत होते, ती बिचारी वरून भर घालत होती.

डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर ठेवलं. 90 ग्रॅम. एक अंडं साधारण 5 ग्रॅमचं. मी मनात हिशेब केला: 60 किलोच्या बाईला सव्वातीन किलोचं बाळंतपण, तेही दिवसाआड. त्यात अंड्याचं कवच बहुतेक सगळं कॅल्शियमच्या क्षाराचं, आणि ते कॅल्शियम खाण्यातून पुरेसं मिळालं नाही तर पक्षीण स्वतःच्या हाडांतून काढून देते. कॅल्शियम कमी पडलं तर अंडं ढकलायला स्नायूंत जोर राहत नाही, अंडं आतच अडकतं. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणं, कुंथणं, शेपूट वरखाली हलणं, पाय लुळे पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच घेऊन यायचं, असं त्यांनी बजावलं. त्या रात्री मी तीन वेळा उठून टॉर्चच्या उजेडात तिची शेपूट बघितली.

आमच्या घरात झालं तरी काय होतं? कॉकटील मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले. पाऊस पडला, दाणा मुबलक झाला की झाडाची ढोली गाठून विणीला लागायचं, हा त्यांचा शिरस्ता. आमच्याकडे बारमाही पाऊसच होता म्हणायचा. वाटीत सदैव दाणे. लाडाने कोमट, मऊ काहीतरी. रात्री अकरापर्यंत दिवे, कारण बंड्याला टीव्ही आवडतो. कपाटाची दारं उघडी, म्हणजे ढोलीही तयार. आणि मी येता-जाता तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. पाठीवरचा हात म्हणजे पक्ष्यांच्या भाषेत जोडीदाराचा इशारा, लाड करायचे तर फक्त डोक्याचे आणि मानेचे, हे डॉक्टर सांगत असताना मी खिडकीबाहेर बघत होते.

मग आमचा पाहुणचार आटला. कपाटांना कड्या लागल्या. कागदाचे तुकडे, खोकी, पिंजऱ्यातली मऊ झोपडी आणि आरसा सगळं गेलं. मऊ खाणं बंद, पण कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा मात्र पिंजऱ्याला कायमचा टांगलेला. संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर जाड कापड, ते सकाळी आठपर्यंत. दिवस लहान झाला की शरीराला वाटतं, हंगाम संपला. घरात टीव्हीचा आवाज इतका बारीक, की पाळण्यात तान्हं निजलंय असं वाटावं. एवढं करूनही थांबलं नाही तर हार्मोनचं इंजेक्शन असतं, पण ते पुढचं पाऊल, असं डॉक्टर म्हणाले.

आणि खोटी अंडी. प्लास्टिकची, पाच. खऱ्यांच्या जागी ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मांडताना मला अपराधी वाटलं. तिने चोचीने एकेक पोटाखाली ओढलं, अंग जरा डावीउजवीकडे हलवून जागा केली आणि डोळे अर्धे मिटले. नववं अंडं आलं नाही.

रानात या जातीत नरही उबवतो. साधारण दिवसा तो, रात्री ती. इथे दोन्ही पाळ्या हिच्याच. दाणे खायला उठायची ती धावत, परतायची ती धावत. हात जवळ नेला की फिस्कारायची. शी दिवसभर धरून ठेवायची आणि मग सकाळी एकदाच अशी करायची, की एवढ्याशा जीवात हे मावलं कुठे, असा प्रश्न पडावा. वासाबद्दल न बोललेलं बरं.

अठरा-एकवीस दिवसांत खरी अंडी फुटतात. हिची अर्थातच फुटली नाहीत. बाविसाव्या दिवशी ती दुपारभर दांडीवर बसून पिसं साफ करत राहिली. पंचविसाव्या दिवशी खाली उतरली, एका अंड्यावर पाय देऊन पलीकडे गेली आणि वाटीतले दाणे उधळू लागली. मी अंडी उचलली तेव्हा तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आता आम्ही नीट 'आली-गेली' म्हणतो, नाव मात्र बंड्याच राहिलंय. काल नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती. बंड्या काठावर बसून, तुरा उभारून, आतल्या अंधारात मान घालत होती. मी तिला बोटावर घेतलं आणि चेन लावली.