एकच पिक्चर, तीन टोळ्या आणि आमचं भांडण

डिसेंबर, रविवार रात्र. ईडन प्रेरी, मिनेसोटा.

बाहेर शुक्रवारपासून बर्फ पडतोय आणि गाडी काढायची सोय नाही, त्यामुळे हा वीकेंड आम्ही दोघांनी घरातच काढला, आणि तो पूर्ण गेला एका जुन्या भांडणात. भांडण म्हणजे आमचं लग्न झाल्यापासून चालू असलेलं, की वाईट पिक्चरची टर उडवणाऱ्यांमध्ये सगळ्यात भारी कोण. नवरा रिफट्रॅक्सवाला, म्हणजे माइक नेल्सनच्या तिघांच्या टोळीचा. मी मिस्टरी सायन्स थिएटर ३००० या टीव्ही शोवाली, आणि त्यातही त्याचा पहिला सूत्रधार जोएल, त्याच्या काळातली. तो म्हणतो तुझ्या जोएलला झोप आलेली असते, मी म्हणते तुझी तिघं श्वास घेऊ देत नाहीत. दर वेळी हे इथेच अडकतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिस्टरी सायन्स थिएटर सुरू झालं इथेच, मिनियापोलिसच्या केटीएमए नावाच्या छोट्या लोकल चॅनलवर, २४ नोव्हेंबर १९८८ ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. जोएल हॉजसनची कल्पना. एक माणूस अंतराळयानात अडकलाय, खाली पृथ्वीवरचे वेडे शास्त्रज्ञ त्याला जबरदस्तीने भिकार पिक्चर दाखवतात, आणि त्याने सोबतीला यानातल्याच पार्टचे रोबो बनवलेत. क्रो आणि टॉम सर्व्हो. क्रोचं तोंड म्हणजे कापलेली बोलिंग पिन, सर्व्होचं डोकं म्हणजे गोळ्यांच्या मशीनचा काचेसारखा गोल. आपल्याला पिक्चर दिसतो आणि खाली उजवीकडे पहिल्या रांगेत या तिघांच्या काळ्या सावल्या, आणि पिक्चरभर त्यांची शेरेबाजी. बस. यावर दहा सीझन झाले, आधी कॉमेडी सेंट्रल मग साय-फाय चॅनल, १९९९ पर्यंत, मधे १९९३ चं पीबॉडी हे टीव्हीतलं मानाचं अवॉर्ड मिळालं. आणि हे सगळं शूट व्हायचं आमच्या याच ईडन प्रेरीत. मी नोकरीसाठी इथे आले तेव्हा पत्ता बघून मला खरंच भरून आलं होतं, पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर जे बघायचे ते या गावात बनलं होतं!

तर शुक्रवारी रात्री मी म्हटलं, अरे वेगवेगळे पिक्चर घेऊन काय तुलना करतोस, एकच पिक्चर घेऊ. आणि असा एक पिक्चर आहे. सांता क्लॉज कॉन्कर्स द मार्शियन्स, १९६४ चा. तो मिस्टरी सायन्स थिएटरने १९९१ मध्ये केला, सिनेमॅटिक टायटॅनिक या जोएलच्या पुढच्या टोळीने २००८ मध्ये केला आणि रिफट्रॅक्सने २०१३ मध्ये लाइव्ह केला. एवढी चांगली परीक्षा दुसरी कुठे मिळणार, आणि महिनाही नेमका डिसेंबरचा.

पिक्चरची गोष्ट अशी. मंगळावरची पोरं दिवसभर पृथ्वीवरचा टीव्ही बघत बसतात, जेवत नाहीत, हसत नाहीत. त्यांचा पुढारी किमार आठशे वर्षांच्या एका म्हाताऱ्याकडे जातो, तो सांगतो पोरांना बालपण द्या, सांता पाहिजे. मग हे लोक पृथ्वीवर येतात, बिली आणि बेटी नावाच्या दोन पोरांना धरतात आणि सांताला उचलून मंगळावर नेतात. व्होल्डार नावाचा मिशीवाला दुष्ट, ड्रोपो नावाचा आळशी येडा. सगळ्यांच्या अंगाला हिरव्या रंगाचे घट्ट कपडे, डोक्यावर नळ्यावाली शिरस्त्राणं. उत्तर ध्रुवावर एक अस्वल येतं ते अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस आहे हे लांबून कळतं, आणि टॉर्ग नावाचा रोबो आहे तो खोक्यांना चंदेरी रंग दिल्यासारखा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर विमानाच्या जुन्या हँगरमध्ये शूट केलंय. किमारची मुलगी झालीय ती छोटी पोरगी म्हणजे पिया झडोरा, जी पुढे बऱ्यापैकी नाव कमावणार होती.

शुक्रवारी रात्री जोएल बघितला. मला पुन्हा तेच जाणवलं जे दर वेळी जाणवतं, की हा माणूस पिक्चरवर ओरडत नाही, पिक्चरच्या बाजूला बसून बोलतो. रोबो चावट, जोएल त्यांचा मोठा भाऊ, ते जास्त बोलले की आवरतो, मधेच हात खांद्यावर टाकतो. आणि मधल्या ब्रेकमध्ये क्रोचं ते गाणं येतं, रोड हाऊस पिक्चरवरचं ख्रिसमस कॅरोल, ते मला तोंडपाठ आहे आणि मी ते पूर्ण म्हटलं, नवरा पण शेवटी माझ्याबरोबर म्हणायला लागला.

इथेच नवऱ्याने त्याचा पत्ता टाकला. म्हणाला, अगं ज्या रोड हाऊसवर तू गातेयस, तोच २००६ मध्ये रिफट्रॅक्सचा पहिला पिक्चर होता. हे खरंय. रिफट्रॅक्स माइक नेल्सनने काढलं, मग त्याच्याबरोबर केव्हिन मर्फी आणि बिल कॉर्बेट, म्हणजे सर्व्होचा आवाज आणि साय-फाय चॅनलवरच्या काळातला क्रोचा आवाज. आणि जोएल १९९३ मध्ये सोडून गेल्यावर त्याच्या खुर्चीत बसला तो माइकच.

आणि मग जे मी इतकी वर्षं भांडताना नीट लक्षात घेतलंच नव्हतं ते नवऱ्याने शांतपणे मांडलं. जोएलच्या काळातच शोचा हेड रायटर माइक होता. म्हणजे मला जोएलचे म्हणून जे जोक आवडतात ते त्याच खोलीत त्याच लोकांनी लिहिलेले. सुरुवातीला केटीएमएवर हे लोक जागच्या जागी सुचेल ते बोलायचे, पण पुढे सगळं लिहिलेलं असायचं, एकच पिक्चर सगळी टीम बसून पुन्हा पुन्हा बघायची, थांबवून थांबवून, कुठल्या सेकंदाला कोण काय बोलणार ते कागदावर. तेव्हा जोएल की माइक ही मारामारी लोक तीस वर्षं करतायत ती जोक्सची असूच शकत नाही. मग कशाची आहे? यावर मी रात्री बराच वेळ जागी होते.

शनिवारी सकाळी सिनेमॅटिक टायटॅनिक. ही टोळी मला नेहमी थोडी दुर्लक्षित वाटते. जोएलच परत, त्याच्याबरोबर ट्रेस बोल्यू म्हणजे पहिला क्रो, जे. एल्व्हिस वाइनस्टीन म्हणजे सर्व्होचा अगदी पहिला आवाज, आणि जुन्या शोमधलीच फ्रँक कॉनिफ आणि मेरी जो पेल. पाच सावल्या, पडद्याच्या दोन्ही बाजूंना. पण माणसं पाच झाली की घोळ होतो, कोण बोललं ते कळेपर्यंत दुसरा बोलतो, आणि मधेच पिक्चर थांबवून यांचं काहीतरी चालू होतं तेव्हा लय तुटते. पण एक गोष्ट मला मनापासून आवडली, मेरी जो. बाईचा आवाज त्या सावल्यांत असला की पिक्चरमधल्या बायकांकडे कोणीतरी बघतंय असं वाटतं. या पिक्चरमध्ये किमारची बायको आहे, तिला फक्त पोरांची काळजी करत उभं राहायचं काम दिलंय, एरवी तिच्याकडे लक्षच जात नाही. ही टोळी पुढे गावोगाव स्टेजवर कार्यक्रम करत फिरली आणि २०१३ ला बंद झाली. मला प्रत्यक्ष बघायला मिळाली नाही याची हळहळ आहे.

संध्याकाळी रिफट्रॅक्स लाइव्ह. आता खरं लिहिते. हे तिघं धंद्यात सगळ्यात तयार आहेत. ना यान, ना रोबो, ना गोष्ट, स्टेजवर तीन माणसं, समोर कागद, मागे पडदा, आणि हे देशभरच्या थिएटरांत एकाच वेळी दाखवलं गेलं. प्रेक्षकांचं हसू ऐकू येतं. जोक वर जोक, एकही वाया नाही. अस्वल आलं तेव्हा आम्ही दोघं सोफ्यावरून खाली.

त्यांची सुरुवातीची आयडिया तर मला अजून भारी वाटते. मिस्टरी सायन्स थिएटरचा कायमचा त्रास म्हणजे पिक्चरचे हक्क, हक्क संपले की एपिसोड विकता येत नाही, गॉडझिला व्हर्सेस मेगालॉन असलेला डीव्हीडी सेट असाच बाजारातून काढून घ्यावा लागला. माइकने काय केलं, पिक्चर विकायचाच नाही! फक्त आपली बडबड एमपीथ्री म्हणून विकायची, पिक्चरची डीव्हीडी तुमची तुम्ही लावा आणि दोन्ही एकत्र चालू करा. मधे मधे एक यांत्रिक आवाज पिक्चरमधलं वाक्य म्हणतो, त्यावरून जुळतंय का ते तपासायचं. त्यामुळे मोठमोठ्या स्टुडिओंचे नवे पिक्चरही यांना खेचता आले, जे आधी कोणाच्या बापाला परवडलं नसतं.

नवऱ्याने मधेच मिलवॉकीच्या रेड लेटर मीडिया या यूट्यूबवरच्या टोळीचं नाव काढलं. तीही माणसं मला आवडतात पण ती वेगळी जात आहे, ते पिक्चर बघून झाल्यावर टेबलाभोवती बसून बोलतात, आणि स्वतः पिक्चर बनवणारे असल्यामुळे आवाज का फाटलाय, लाइट कुठे चुकला हे सांगतात. त्यात शिकायला मिळतं. पण सोबत मिळत नाही, आणि मला या प्रकारातून सोबत लागते.

हे बोलल्यावर मला मामा आठवला.

आमचं आजोळ सातारा जिल्ह्यात. डिसेंबर-जानेवारीत पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, आणि माझ्या लहानपणी तिथे तंबू टॉकीज यायचे. जुन्या ट्रकवर प्रोजेक्टर, समोर पडदा, आपण खाली मातीत घोंगडं टाकून. मामा दर वर्षी न्यायचा. मामा पुढे बसायचा आणि पिक्चरभर बोलायचा, मोठ्याने, अख्ख्या तंबूला ऐकू जाईल असं. व्हिलन आला की त्याच्या कपड्यांवर, हिरो धावला की त्याच्या पोटावर, आणि लोक मामासाठी हसायचे, काही जण तर "आज दाजी आलेत का" बघून तंबू निवडायचे. पण मामा कधीच पिक्चर सोडून जायचा नाही. तिकीट काढलंय म्हणून नाही, त्याला पुढे काय होतं ते खरोखर बघायचं असायचं. हिरोची आई आजारी पडली की मामा गप्प. पूर्ण गप्प. आणि दुसऱ्या कोणी तेव्हा तोंड उघडलं की मामा मागे वळून त्याला शिवी घालायचा.

मी नवऱ्याला हे सांगितलं आणि म्हटलं, मला वाटतं फरक इथे आहे. जोएल आणि रोबो त्या यानातून बाहेर पडू शकत नाहीत, पिक्चर संपेपर्यंत त्यांना त्याच्याबरोबर राहायचंय, म्हणून ते त्या पिक्चरशी नातं जोडतात, रागाचं का होईना. रिफट्रॅक्सवाले पिक्चरच्या समोर उभे आहेत. जोएल पिक्चरच्या शेजारी बसलाय. लिहिणारे तेच असतील, पण कुठे बसून बोलतोय त्याने वाक्याचा अर्थ बदलतो. नवरा थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, पण केव्हिन मर्फी हसतो ना स्वतःच्याच मित्राच्या जोकवर, ते हसू ऐक, ते पण नातंच आहे, पिक्चरशी नसेल, एकमेकांशी. हे मला पटलं. १९९० च्या दशकात एकत्र काम करायला लागलेली माणसं अजून मायक्रोफोनपुढे एकत्र उभी राहून एकमेकांना हसवतायत, त्याच्यात कमी काय आहे.

मग आज दुपारी आम्ही एक केलं जे आधी कधी केलं नव्हतं. तोच पिक्चर नुसता लावला. कोणी बोलणारं नाही, सावल्या नाहीत. ऐंशी मिनिटांचा पिक्चर, पण शांततेत तो फार लांब वाटतो. विनोदी वाटत नाही, केविलवाणा वाटतो. यानात व्होल्डार सांताला आणि त्या दोन पोरांना हवा जाणाऱ्या खोलीत बंद करतो तो सीन आहे, तिन्ही वेळा त्याच्यावर आम्ही हसलो होतो, आणि आज मला त्या छोट्या बेटीचं तोंड दिसलं. बारकी पोरगी आहे, कोणीतरी सांगितलंय इथे उभी रहा, तिकडे बघ, आणि ती अगदी मन लावून तसं करतेय. नवऱ्याने माझा हात धरला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

संध्याकाळी मामाला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सोमवारची सकाळ. मामा आता शहात्तरचा आहे, गुडघे गेलेत, यात्रेला यंदा जाणं होणार नाही म्हणाला. काय करताय दोघं, विचारलं. मी म्हटलं मामा, दोन दिवस एकच पिक्चर चार वेळा बघितला. कोणता गं? मग मी गोष्ट सांगितली, हिरवी माणसं, सांता म्हणजे ख्रिसमसचा तो दाढीवाला बाबा, खोक्यांचा रोबो. अस्वलाचं सांगितल्यावर मामाने एक असलं वाक्य टाकलं की ते इथे लिहिता येणार नाही, नवरा हसून हसून स्क्रीनमधून बाहेर गेला.

आणि मग मामा चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "आणि ती पोरं गं? ती दोन? घरी पोचली का परत?"

मी सांगायच्या आधी नवराच पुढे आला. "पोचली मामा. मंगळावर त्या ड्रोपोला सांता केला आणि ह्यांना सोडलं. ख्रिसमसला घरी."

"मग बरंय," मामा म्हणाला आणि कप परत उचलला.