चार भोकांचे टेबल

आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला, कडेपासून सुमारे सहा इंच आत, एका ओळीत चार काळपट गोल ठिपके आहेत. पाच रुपयांच्या नाण्याएवढे, एकमेकांपासून बरोबर नऊ-नऊ इंचांवर. पहिल्यांदा जेवायला आलेला पाहुणा रश्श्याची वाटी उचलताना त्यांच्याकडे पाहतो आणि नक्षीकाम छान झाले आहे, असे आवर्जून सांगतो. ती नक्षी नव्हे. ते एकच भोक आहे आणि ते चार ठिकाणी कसे झाले, हे सांगायचे तर टेबल जेव्हा टेबल नव्हते तेव्हापासून सुरुवात करावी लागते.

आमच्या घराण्यात वाडा नव्हता. आजोबा भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, वडिलांनी कर्ज काढून कोल्हापूरच्या राजारामपुरीत फ्लॅट घेतला, आणि आम्ही त्या फ्लॅटमध्ये जमिनीवर पाट मांडून जेवत आलो. आईचे गुडघे दुखू लागले तेव्हा टेबलाचा विषय निघाला. एका दुकानात जुन्या धाटणीचे म्हणून एक टेबल दाखवण्यात आले. त्यावर खिळ्यांची भोके होती, कडा झिजलेल्या होत्या, मधोमध एक चीरही होती. खाली वाकून पाहिले तर लाकूड अगदी कोरे, आणि चीर वरच्या अर्ध्या इंचातच संपलेली. विक्रेत्याने मोकळेपणाने सांगितले की लाकूड नवे आहे, जुनेपणा साखळीने ठोकून आणलेला आहे आणि त्याचे पैसे वेगळे आहेत. साखळीचा मार खाल्लेल्या त्या बिचाऱ्या आंब्याच्या फळ्यांची मला दया आली आणि खरोखरचे जुने लाकूड शोधायचे मी तिथेच ठरवले.

कोल्हापुरात जुने लाकूड मिळणे अवघड नाही. पेठांमधले वाडे भावांच्या वाटण्यांत उतरतात आणि त्या जागी चार मजले उभे राहतात. शिवाय पंचगंगा आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदी त्या धोक्याच्या रेषेच्याही कितीतरी वर गेली. पांढऱ्या मातीच्या भिंतींना असे पाणी सोसत नाही. भिंत बसते आणि तिच्या डोक्यावरचे लाकूड मात्र शाबूत राहते. ते वखारीत येते आणि घनफुटाच्या दराने विकले जाते.

वखारीत तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या आणि बिजागऱ्यांसकट उचललेल्या चौकटी एकावर एक रचलेल्या होत्या. त्यातली एक तुळई आम्ही घेतली: अकरा फूट लांब, नऊ इंच रुंद, सात इंच जाड, म्हणजे पाच घनफुटांना थोडी कमी. वजन नव्वद किलोंच्या आसपास असावे. टेम्पोत चढवायला तीन माणसे लागली आणि चौथा मी, सूचना करायला. कुठल्या वाड्याची, असे विचारल्यावर मालक म्हणाले, शुक्रवार पेठेतली. पावती करताना तीच तुळई गंगावेशीजवळची झाली. मी पुन्हा विचारले नाही. आणखी एक प्रश्न विचारला असता तर ती थेट जुन्या राजवाड्यातून निघाली असती आणि दरही त्या मानाने चढला असता.

तुळई कुणाची हे कळले नाही, तरी तिने काय काय केले हे सुतारांनी वाचून दाखवले. आमचे सुतारमामा साठीच्या पुढचे. त्यांनी आधी काही न बोलता तिच्यावर ओले फडके फिरवले, मग बोट टेकवून एकेक जागा दाखवू लागले. वरच्या अंगाला फुटाफुटावर उथळ खाचा होत्या. त्यांत माडीच्या कड्या, म्हणजे वरच्या मजल्याची जमीन पेलणारी आडवी लाकडे, बसत. खालच्या अंगावर चुन्याचा पापुद्रा आणि त्याखाली काजळी होती, म्हणजे खालच्या खोलीत बरीच वर्षे चूल किंवा दिवा असणार. दोन्ही टोकांची वीतभर लांबी बाकीच्या मानाने फिकट होती, कारण तेवढा भाग भिंतीत होता. आणि लांबीच्या जवळजवळ मध्यावर वरून खाली आरपार गेलेले एक गोल भोक होते, आतून गंजाने काळेनिळे झालेले. सागातल्या टॅनिनला लोखंड आणि ओल लागली की असाच डाग पडतो आणि तो पुढे रंध्याने जात नाही.

“झोपाळ्याची कडी असंल का, मामा?” मी विचारले.

“झोपाळ्याला दोन तरी कड्या लागत्यात की. ही एकलीच हाय. पाळण्याची म्हणा, न्हाईतर हंडीची.”

छताला टांगायची दिव्याची हंडी की पाळणा, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. आई पाळण्याच्या बाजूची आहे.

तुळईच्या फळ्या पाडायला सॉ मिलमध्ये नेली, तर तिथल्या माणसाने ती यंत्राला लावायलाच नकार दिला. आधी खिळे काढून आणा. एक जरी राहिला आणि पट्टा करवतीचे दात गेले, तर पात्याचे पैसे तुमच्याकडून. मामांनी जुन्या स्पीकरचे चुंबक दोरीला बांधले आणि ते तुळईवरून सावकाश ओढत नेले. जिथे चुंबक अडखळे तिथे खडूची फुली. दोन दिवसांत सदतीस खिळे निघाले. त्यातले निम्मे लोहाराने घडवलेले होते, चौकोनी, टोकाकडे निमुळते होत गेलेले, आणि एकासारखा दुसरा नाही. अडतिसावा खिळा करवतीलाच सापडला. नव्या सागाऐवजी जुना घेऊन वाचवलेल्या पैशांतला मोठा हिस्सा त्या दुपारी पात्यापायी गेला. स्वस्तात पडते म्हणून कोणी जुन्या लाकडाकडे वळत असेल, तर त्याने हा अडतिसावा खिळा हिशेबात धरावा.

पण करवत आत शिरली आणि वास सुटला. नव्या चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहिल्यावर येतो तसा, कातडी आणि तेलकट. डोळे मिटून मी चप्पल लाइनमध्येच उभा आहे असे वाटले. काजळीच्या आतले लाकूड सोनेरी निघाले. सागाच्या गाभ्यात जे तेलकट द्रव्य असते त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि पाणीही त्यात सहजी मुरत नाही. जहाजे बांधणाऱ्यांना सागाचे वेड होते ते याचमुळे. मुंबईच्या वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. त्या मानाने आमच्या तुळईला सोपी नोकरी होती. तिला फक्त छप्पर आणि एक पाळणा (किंवा हंडी) सांभाळायची होती.

आरमाराच्या सागाचा विषय निघाला की मला रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवते. अठराव्या शतकाच्या आरंभीचे, कोल्हापूरच्या गादीच्या परिसरातले हे लिखाण राज्यकारभार सांगता सांगता झाडांपाशी थांबते. आरमारासाठी साग वगैरे लागेल ते राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावे. आंबा, फणस यांना मात्र हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन ते तोडावे. जीर्ण वस्तूचेही मोल द्यावे, ही त्यातली अट मला विशेष आवडते. वखारीत आम्ही मोल दिले खरे; पण तुळईच्या मूळ धन्याच्या हातात त्यातले किती पडले असेल, हा प्रश्न मनात राहतोच.

तुळईतून नऊ इंच रुंदीच्या चार फळ्या निघाल्या. सहा फुटांवर कापून त्या शेजारी शेजारी मांडल्या की छत्तीस इंचांचे टेबल तयार. उरलेल्या पाच फुटांत पाय आणि खालची चौकट भागली. करवत आडवी चालली, त्यामुळे ते आरपार भोक चारही फळ्यांत आले, आणि फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उलगडून ठेवल्या तेव्हा एका भोकाची चार भोके एका ओळीत उभी राहिली. मामा काही क्षण बघत राहिले. फळ्या उलट्यासुलट्या फिरवून ती दोन या टोकाला, दोन त्या टोकाला नेता आली असती. मी नको म्हणालो.

जुने लाकूड आता हलत नाही, वाळायचे तेवढे वाळून झाले, असे मी कुठेतरी ऐकून मामांना ऐकवले होते. त्यावर ते हसले. “कापून शंभर वरसं झाली तरी लाकूड पाणी प्यायचं सोडत न्हाई, सायेब. पावसाळ्यात तुमच्या न्हाणीचं दार लागतंय का?” लागत नव्हते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, सगळे हलणे रुंदीत असते; फळ्या चौकटीला चहूबाजूंनी घट्ट जखडल्या तर त्या वाट मिळेल तिथे फाटतात. म्हणून मामांनी फळ्या एकमेकींना सरसाने चिकटवल्या नाहीत. एकीच्या कडेला जीभ, दुसरीच्या कडेला खाच, आणि खालच्या आडव्या पट्ट्यांत स्क्रूसाठी गोल नव्हे तर लांबट भोके, म्हणजे फळीला आपल्या जागी सरकायला वाव. पाय आणि चौकट यांचे सांधे मात्र साल (खोदलेली खाच) आणि कुसू (तिच्यात बसणारे टोक) असे जुन्या पद्धतीचे. पटाशीने साल खोदताना मामा दर चार ठोक्यांनी कुसू लावून पाहत. शेवटी लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत ते बसले आणि नंतर ओढून निघाले नाही. टेबलाच्या वरच्या भागाला सैलपणा आणि खालच्याला घट्टपणा, असा हा कारभार आहे.

माप ठरवताना थोडी ओढाताण झाली. उंची तीस इंच, खुर्चीची बैठक अठरा, मधे बारा इंच पायांना. यावर सर्वांचे एकमत होते. माणशी दोन फूट रुंदी धरतात, म्हणजे सहा फुटांत एका बाजूला तीन माणसे. हा हिशेब ज्याने केला त्याने कोल्हापुरी मटणाचे ताट पाहिलेले नसावे. तांबड्याची वाटी, पांढऱ्याची वाटी, सुके, भाकरी, भात, कांदा-लिंबू आणि जेवणाऱ्याचा डावा कोपर, हे सगळे दोन फुटांत बसवायचे म्हणजे शेजाऱ्याशी संबंध चांगले हवेत.

खरा वाद भोकांवरून झाला. मला ती उघडी हवी होती. आईने विचारले, त्यात पडलेली डाळ कोण काढणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सागाच्याच गुट्ट्या बसवून वर लांबी (पुट्टी) भरली तर शोधूनही दिसणार नाहीत, असे मामा म्हणाले. ते मला पटेना. अखेर जुन्या खुर्चीचा मोडका शिसवी पाय मामांकडे पडून होता, त्याच्या चार गोल गुट्ट्या बसल्या. डाळीचा प्रश्न सुटला, आणि भोक होते हेही दिसत राहिले.

पॉलिश प्रथम लाखेचे केले. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्याने हात फिरवत फिरवत चढवली की सागाला जी झळाळी येते तिला तोड नाही. ती आठवडाभर टिकली. रविवारी पांढऱ्या रश्श्याचे गरम पातेले कोणीतरी सरळ फळीवर टेकवले आणि पांढऱ्या रश्श्याने तितकेच पांढरे वर्तुळ मागे ठेवले. लाखेला उष्णता सोसत नाही. मग ते सगळे घासून काढून जवसाचे तेल दिले, एकावर एक पाच हात, दोन हातांत तीन-चार दिवसांची उसंत. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा, असे मामांनी बजावले. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेत सुकते आणि सुकताना तापते. बोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. दोन आठवडे आमच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर ती पिवळी फडकी वाळत होती आणि शेजारच्या काकू विचारीत होत्या की हळदीचा काही कार्यक्रम आहे का.

एवढे सगळे होऊन टेबल घरी आले, आणि तिसऱ्या दिवशी आईने त्यावर मेणकापड अंथरले. फुलाफुलांचे. कांदा-लसूण मसाल्याचा तेलकट तवंग उघड्या लाकडावर पडला की काय होते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पाहुणे येणार असले की मेणकापड गुंडाळून कपाटामागे जाते, ठिपक्यांचे कौतुक होते, आणि मग हमखास प्रश्न येतो: “कुठल्या वाड्याचं म्हणायचं हे?” सुरुवातीला मी खरे सांगत असे की माहीत नाही. त्याने पाहुण्यांचा विरस होई. आता आईच उत्तर देते, “पाळण्याच्या वाड्याचं,” आणि पाहुणे असा एखादा वाडा ऐकल्यासारखी मान हलवतात.

पाहुणे गेल्यावर मेणकापड पुन्हा पसरण्याआधी एक काम असते. फळ्यांच्या तीन फटींत भाकरीचा चुरा साचलेला असतो. आई खराट्याची काडी घेऊन तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेते. मी तेवढ्यात एक रुपयाचे नाणे फटीत उभे घालून पाहतो. त्याची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास आहे. एप्रिलमध्ये ते तिन्ही फटींत सहज उतरते, श्रावणात एकीतही शिरत नाही आणि आईचे काम वाचते. परवा मृगाच्या दोन सरी पडून गेल्या. काल रात्री पाहिले, तर खिडकीकडच्या फटीत नाणे अर्ध्यावर अडले. उरलेल्या दोन फटींत अजून जाते.