तुम्ही विचारलंत म्हणून: वजाबाकीतला दुसरा आकडा

बरीच वर्षं शाळेच्या वरच्या वर्गांना गणित शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. "बाई, तुमच्या हाताखालून एवढी मुलं गेली. आता चाळिशी-पन्नाशीला आल्यावर ती स्वतःला यशस्वी समजतात का हो?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वेगळंच काहीतरी असतं. घरात एक शाळकरी मूल असतं, त्याला मार्क कमी पडत असतात, आणि त्याचं पुढे कसं होणार हे आडून विचारायचं असतं. त्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देऊन टाकते.

शाळेतल्या वागण्याचा पुढच्या आयुष्याशी संबंध असतो. अमेरिकेत १९६० साली 'प्रोजेक्ट टॅलेंट' या नावाखाली चार लाखांहून जास्त हायस्कूल विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली गेली. त्यातल्या काहींना ११ वर्षांनी आणि काहींना तर तब्बल ५० वर्षांनी पुन्हा गाठलं गेलं. शाळेत रस घेणारी, जबाबदारीने वागणारी, लिहिण्या-वाचण्यात फारशी न अडखळणारी मुलं पुढे जास्त शिकली आणि जास्त मानाच्या कामांत गेली. घरची परिस्थिती आणि बुद्धिमत्ता हिशेबातून वेगळी काढली तरी हा संबंध बराचसा टिकला. तेव्हा 'शाळेत काय केलं याला काही अर्थ नसतो' असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

पण तुमचा प्रश्न हुद्द्याचा नव्हता. ती स्वतःला काय समजतात, हा होता.

जुने विद्यार्थी भेटले की दोन-चार मिनिटांत आपला निकाल आपणच सांगून टाकतात. मी विचारलेलं नसतं. "ठीक चाललंय बाई, पण जे करायचं होतं ते काही झालं नाही." हे वाक्य मी मोठ्या पदावर बसलेल्या, हाताखाली शंभर माणसं असलेल्या लोकांकडून ऐकलंय. आणि दोनदा नापास होऊन आता स्वतःचं गॅरेज चालवणारा एक जण छाती पुढे काढून म्हणाला होता, "तुम्हाला वाटलं नव्हतं ना, मी एवढं करीन?" (वाटलं नव्हतं. पण ते त्याला सांगायची गरज नव्हती, त्याला ठाऊकच होतं.) अशी माणसं ऐकून ऐकून माझं एक मत झालंय. प्रत्येक जण मनात एक वजाबाकी करत असतो. आज जिथे आहे, त्यातून वजा जिथे असायला हवा होता. पहिला आकडा जगाला दिसतो. दुसरा फक्त त्याला ठाऊक असतो, आणि सगळा घोळ त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

हुशार मुलांच्या बाबतीत तर तो आकडा बऱ्याचदा त्यांनी स्वतः मांडलेलाही नसतो. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करत असताना, अतिशय बुद्धिमान अशी सुमारे दीड हजार शाळकरी मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचं काम सुरू केलं. टर्मन गेल्यावर इतरांनी ते पुढे चालवलं. या अभ्यासाबद्दल सगळे एकच किस्सा सांगतात: विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांचीही चाचणी झाली होती, ती निवडीत बसली नाहीत, आणि पुढे दोघांनीही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळवलं, एकाने १९५६ मध्ये, दुसऱ्याने १९६८ मध्ये. किस्सा झकास आहे, कमी मार्क पडलेल्या मुलाच्या आईबापांना सांगायला तर फारच. मला मात्र जी मुलं निवडली गेली त्यांची गोष्ट जास्त बोलकी वाटते. आपण या खास मुलांमधले आहोत हे ज्यांना लहान वयात कळलं, ते मध्यमवयात 'मी माझ्या बुद्धीला साजेसं आयुष्य जगलो' असं म्हणायला इतरांपेक्षा कमी तयार होते. ऐंशीच्या घरात पोचल्यावरही त्यांचं मानसिक स्वास्थ्य तुलनेने उणंच भरलं. म्हणजे आठ-दहा वर्षांच्या पोराला कोणीतरी मोठ्या माणसाने एक आकडा सांगितला आणि पुढची सत्तर वर्षं ते त्यातून स्वतःला वजा करत बसलं. नातेवाइकांच्या घोळक्यात 'हा बघा, आमचं नाव काढणार' असं सांगणाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवते. त्यांना आवडत नाही.

मुलींचं आणखी वेगळं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९८१ साली शाळेतून पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाने बाहेर पडलेल्या ८१ विद्यार्थ्यांच्या मागावर कॅरन अर्नोल्ड ही संशोधक बरीच वर्षं राहिली. शाळा सोडताना 'माझी बुद्धी बरोबरीच्यांपेक्षा खूपच वरची आहे' असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण मुलांत आणि मुलींत सारखंच होतं, साधारण पाचात एक. कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं तोवर मुलांचं मत जागच्या जागी होतं, आणि असं म्हणणारी मुलगी एकही उरली नव्हती. मार्क काही घसरले नव्हते, मुलींचे ग्रेड तर मुलांच्या तोडीस तोड होते. घसरलं होतं ते फक्त स्वतःबद्दलचं मत. हे वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातल्या पहिल्या येणाऱ्या मुली आठवल्या. आज त्या भेटतात आणि म्हणतात, "मी काय हो, नुसती पाठांतर करायचे." भूमिती पाठ करून सुटत नाही. रायडर, म्हणजे स्वतःच्या डोक्याने सोडवायची भूमितीची उदाहरणं, तुझी तुला सुटायची, हे मी फळ्याशी उभी राहून पाहिलंय, असं मी त्यांना सांगते. त्या हसतात आणि विषय बदलतात.

मग अपेक्षाच ठेवू नये का? हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि मला तो आळशीपणाचा वाटतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ मध्ये हायस्कूल पूर्ण केलेल्या १०,३१७ जणांचा अभ्यास कित्येक दशकं चालला. त्यातल्या स्त्रियांना पस्तिशीच्या आसपास विचारलं होतं, पुढे तुम्हाला कोणतं काम करायला आवडेल? त्या पन्नाशीत आल्यावर डेबोरा कार या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ते उत्तर आणि प्रत्यक्षातलं काम शेजारी शेजारी ठेवलं. ज्या आपल्या इच्छेपर्यंत पोचल्या नव्हत्या, त्यांच्यात उदासी जास्त होती आणि आयुष्याला काही हेतू आहे ही भावना कमी. तेव्हा हा दुसरा आकडा म्हणजे मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो दुखतो.

पण एक बारकावा बघा. या बायकांची इच्छा संशोधकांच्या दप्तरात आधीच लिहिलेली होती. तुमची-माझी कुठे लिहिलेली असते? आपण सगळे आठवणीवर चालतो. आणि आठवण हा प्रकार कसा आहे ते सांगते. बाहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९९ कॉलेज विद्यार्थ्यांना त्यांचे हायस्कूलचे ग्रेड आठवायला सांगितले आणि शाळेच्या नोंदींशी ताडून पाहिले. 'ए' ग्रेड ८९ टक्के वेळा बरोबर आठवले. 'डी' फक्त २९ टक्के वेळा. चुका बहुतेक सगळ्या वरच्या दिशेने, म्हणजे मिळाला त्यापेक्षा चांगला ग्रेड आठवायचा. ही मुलं तर नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली होती, आणि प्रश्न होता छापील ग्रेडचा. मनातल्या गोष्टींचं काय होत असेल? तेही तपासून झालंय. डॅनिएल ऑफर या मानसोपचारतज्ज्ञांनी १४ वर्षांच्या मुलांना घर, आईवडील, मित्र, स्वतःबद्दलचं मत असं बरंच काही विचारलं होतं. त्यातल्या ६७ जणांना वयाच्या ४८व्या वर्षी विचारलं, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं होतं? त्यांची उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी निघाली, अंदाजाने जितकी बरोबर यावीत तितकीच आली.

माझं उत्तर एवढंच आहे. जुने विद्यार्थी स्वतःला यशस्वी समजतात की नाही, हे त्यांनी काय मिळवलं यापेक्षा, सतरा वर्षांचा असताना मी काय मागितलं होतं असं त्यांना आज वाटतं, त्यावर ठरतं. आणि तो सतरा वर्षांचा पोरगा त्यांनी नंतर, आपल्या सोयीने किंवा गैरसोयीने, नव्याने घडवलेला असतो. काही जण तर त्याला इतका महत्त्वाकांक्षी करून ठेवतात की त्याच्यापुढे कोणीही हरेल.

मला एक सवय होती. वर्ष संपताना शेवटच्या तासाला गणित नसायचं. वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावायचे: वीस वर्षांनी तुम्ही काय करत असाल, तीन-चार ओळीत. माझा एक विद्यार्थी आज एका कंपनीत हिशेबाचं काम बघतो. नोकरी चांगली, पण भेटला की दर वेळी तेच रडगाणं: मला संशोधक व्हायचं होतं, घरच्यांनी होऊ दिलं नाही, आयुष्य वाया गेलं. मध्यंतरी घर बदलताना त्याला ती वही सापडली आणि त्याने त्या पानाचा फोटो मला पाठवला. त्यावर लिहिलं होतं: 'चांगली नोकरी, स्वतःची मोटरसायकल, आणि रविवारी कोणी लवकर उठवू नये.'

तिन्ही गोष्टी त्याच्याकडे आहेत. त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो चिडला. फोन करून म्हणाला, "बाई, हे मी गमतीत लिहिलं असणार." मी म्हटलं, अक्षर तर चांगलं घोटून काढलेलं दिसतंय. त्यावर तो म्हणाला, "मग त्या दिवशी मूड नसेल."